लंगोटीपासून फुल पँटपर्यंत : मुलांच्या पोशाखाचा सामाजिक इतिहास

मुलग्याच्या कमरेखालचे वस्त्र किती लांब असावे, हा प्रश्न वरवर पाहता ऊन-थंडीचा आणि घरच्या ऐपतीचा वाटतो. परंतु गेल्या दोनशे वर्षांतील मुलांच्या पोशाखाचा मागोवा घेतला, तर समाजाने ही लांबी वयाची, दर्जाची आणि शिक्षणाची खूण म्हणून वापरलेली दिसते. जर्मनीतील शहरात गुडघ्यावर संपणारी पँट घालून शाळेत जाणारा मुलगा आणि सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, कवठे महांकाळच्या परिसरात, खाकी चड्डी व पांढरा सदरा घालून शाळेत जाणारा मुलगा यांच्यात हवामान, भाषा आणि चालीरीती यांपैकी कशाचेही साम्य नव्हते. तरीही घोट्यापर्यंत पोहोचणारी पँट दोघांनाही ठराविक वय झाल्याखेरीज मिळत नसे, आणि ती मिळाली की आपण आता मोठ्यांत मोडतो हे दोघांनाही कोणी वेगळे सांगावे लागत नसे. महाराष्ट्रातील हा प्रवास लंगोटीपासून सुरू होऊन फुल पँटपर्यंत आला. त्याचा इतिहास शाळा, लष्कर, शिंपी, गिरणी आणि सामाजिक सुधारणा या पाच धाग्यांनी विणला गेला आहे.

जर्मन मुलांची पँट

युरोपात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मुलांचा असा स्वतंत्र पोशाख नव्हता. सुखवस्तू घरांतील मुलगे चार ते सहा-सात वर्षांचे होईपर्यंत मुलींसारखाच झगा घालीत, आणि त्यानंतर त्यांच्या अंगावर वडिलांच्याच कपड्यांची लहान प्रत चढविली जाई. रूसोने १७६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘एमिल’ या ग्रंथात मुलांच्या हालचालींना मोकळीक देणाऱ्या सैल कपड्यांचा पुरस्कार केला, आणि जर्मनीतील शिक्षणसुधारकांनी तो विचार उचलून धरला. योहान बेर्नहार्ड बाझेडो याने १७७४ मध्ये देसाउ येथे काढलेल्या शाळेत मुलांना साधे व मोकळे कपडे देण्याची पद्धत होती. पुढे १८११ मध्ये फ्रीडरिख लुडविग यान याने बर्लिनबाहेरील हाझेनहाइडे या माळावर खुली व्यायामशाळा सुरू केली, तेव्हा त्याने सर्वांसाठी न रंगविलेल्या जाड्याभरड्या लिनन कापडाचा अंगरखा आणि तशीच पँट ठरविली. धनिकाचा मुलगा आणि कारागिराचा मुलगा मैदानावर सारखेच दिसावेत, हा त्यामागील हेतू होता.

एकोणिसाव्या शतकात याच्या जोडीला राष्ट्राभिमान आणि बाजारपेठ या दोन शक्ती आल्या. १८४६ मध्ये फ्रान्त्स विंटरहाल्टर या जर्मन चित्रकाराने इंग्लंडच्या लहानग्या युवराजाचे खलाशाच्या वेशातील चित्र काढले, आणि पुढे निळी कॉलर असलेला, बहुधा आखूड पँटचा खलाशी पोशाख युरोपभर मुलांच्या अंगावर दिसू लागला. सम्राट दुसरा विल्हेल्म याच्या काळात जर्मनीत आरमाराचे वेड वाढले, तसा हा पोशाख तेथील मध्यमवर्गीय घरांत जवळजवळ ठरलेला वेश बनला. श्टुटगार्ट येथे विल्हेल्म ब्लायले याने १८८९ मध्ये सुरू केलेला कारखाना मुलांच्या विणीच्या टिकाऊ पोशाखांसाठी नावाजला. दक्षिणेकडील बव्हेरियात चामड्याची आखूड विजार प्रचलित होती. ती झिजत नसल्यामुळे थोरल्या भावाची धाकट्याकडे सहज जाई. १९०१ मध्ये बर्लिनजवळच्या श्टेग्लिट्स येथे स्थापन झालेल्या ‘वाँडरफोगेल’ या भटकंती करणाऱ्या तरुणांच्या चळवळीने उघडे गुडघे हे निरोगी व स्वतंत्र जीवनाचे चिन्ह ठरविले. पूर्ण लांबीची पहिली पँट मात्र बहुतेक प्रॉटेस्टंट मुलांना चौदाव्या वर्षाच्या आसपास, चर्चमधील दृढीकरणाच्या विधीच्या वेळी, म्हणजे बालपणी झालेला बाप्तिस्मा स्वतःच्या तोंडाने मान्य करण्याच्या समारंभात मिळत असे.

याच आखूड पँटचा पुढे हुकूमशाहीने वापर केला. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या ‘हिटलर युगेंड’ या नाझी युवक संघटनेचा गणवेश तपकिरी सदरा आणि काळी आखूड पँट असा होता, आणि १९३६ च्या कायद्यानंतर जर्मन मुलांना या संघटनेपासून दूर राहणे उत्तरोत्तर अशक्य होत गेले. समान वेश समतेचे साधन होऊ शकतो, तसाच तो आज्ञापालनाचे साधनही होऊ शकतो, हे या अनुभवातून जगाला कळले. युद्धानंतरही जर्मन मुले १९५० च्या दशकात आखूड पँट घालीत राहिली, आणि १९६० नंतर जीन्सने तिची जागा घेतली. जर्मनीतील सरकारी शाळांत आजही सर्वसाधारण गणवेशाची पद्धत नाही. महाराष्ट्रातील वाट येथेच जर्मनीहून वेगळी होते, कारण येथे मुलांच्या पोशाखाचा इतिहास शेवटी शाळेच्या गणवेशापाशी येऊन ठेपतो.

करदोटा, लंगोटी आणि घोंगडीची खोळ

कवठे महांकाळ हा पर्जन्यछायेचा, म्हणजे सह्याद्रीने पावसाचे ढग अडविल्यामुळे कमी पाऊस मिळणारा प्रदेश आहे. आजच्या तालुक्यातील कुची हे गाव पूर्वी पटवर्धनांच्या सांगली संस्थानातील एका तालुक्याला नाव देणारे ठिकाण होते. संस्थाने विलीन झाल्यावर १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला, आणि १९६० मध्ये त्याचेच नाव सांगली असे झाले. ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती आणि धनगरांची मेंढपाळी यांवर उभ्या असलेल्या या मुलखात लहान मुलांच्या कपड्यांवर खर्च करणे ही बहुतेक घरांना न परवडणारी गोष्ट होती.

तान्ह्या मुलाला जुन्या मऊ लुगड्याचे झबले आणि डोके, कान व पाठ झाकणारी कुंची पुरत असे. चालू-बोलू लागलेल्या मुलाच्या कमरेला करदोटा, म्हणजे काळ्या सुताचा गोफ, बांधलेला असे. त्याच करदोट्यात पुढून मागे कापडाची पट्टी खोचली की लंगोटी तयार होई. तिला शिवण लागत नसे, ती धुवायला सोपी होती आणि मूल वाढले तरी ती अपुरी पडत नसे. अंगात बंडी किंवा पैरण असलीच तर सणासुदीला. पावसाळ्यात रानात गुरे-मेंढरे वळणारी मुले घोंगडीची खोळ, म्हणजे एका टोकाला दुमडून डोक्यावरून पाठीवर सोडलेली घोंगडी, पांघरीत. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीमुळे पाणी अंगापर्यंत लवकर पोहोचत नसे, आणि हीच घोंगडी रात्री अंथरूण-पांघरूण होई.

वयाच्या पायऱ्या मात्र येथेही वस्त्रांनी आखल्या होत्या. ज्या जातींत मुंज होत असे, तेथे आठव्या वर्षाच्या सुमारास बटूला कौपीन, म्हणजे विधिपूर्वक दिलेली लंगोटी, आणि मुंज नावाच्या गवताची मेखला मिळे, आणि त्यानंतर तो पंचा किंवा लहान धोतर नेसू लागे. इतर शेतकरी व कारागीर जातींत ही पायरी बहुधा लग्नाच्या वेळी येई, आणि बालविवाहाच्या काळात अनेक मुलांनी पूर्ण लांबीचे पहिले धोतर नवरदेव म्हणूनच नेसले. तालमीतील लंगोट हा या सर्वांपासून निराळा होता. कृष्णेच्या खोऱ्यात कुस्तीला मोठा मान असल्यामुळे मोठ्या माणसाने तो कसणे हे बळाचे व संयमाचे लक्षण मानले जाई.

शिंपी आणि शिवणयंत्र

शिवलेले वस्त्र महाराष्ट्राला नवे नव्हते. गुडघ्यापर्यंतचा सैल चोळणा आणि पायघोळ तुमान हे शिवलेल्या अधोवस्त्रांचे प्रकार मराठेशाहीत, विशेषतः शिपाईगिरीत, परिचित होते. अंगरखा व बाराबंदी यांचा वापर तर सर्वत्र होता. गावगाड्यातील अलुतेदारांच्या काही याद्यांत शिंप्याचे नाव आढळते, आणि संत नामदेवांचे कूळ शिंप्याचे असल्यामुळे या व्यवसायाला वारकरी परंपरेतही मानाचे स्थान आहे. परंतु हाताने घातलेल्या टाक्यांना वेळ लागे, शिलाई महाग पडे, आणि वर्षभरात आखूड होणाऱ्या मुलाच्या कपड्यासाठी ती कोणी करून घेत नसे.

दोन यंत्रांनी हे चित्र बदलले. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी उभारण्याचा उपक्रम सुरू केला, आणि पुढच्या पन्नास वर्षांत गिरणीचे स्वस्त कापड दख्खनच्या आठवडी बाजारांपर्यंत पोहोचले. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत यंत्रमाग आणला, आणि कवठे महांकाळपासून फार लांब नसलेले ते गाव कालांतराने कापडाचे मोठे केंद्र बनले. दुसरे यंत्र शिवणाचे होते. सिंगर कंपनीची शिवणयंत्रे १८७० च्या दशकापासून भारतात विकली जाऊ लागली, आणि १९३० च्या दशकात कोलकात्यात ‘उषा’ हे देशी यंत्र तयार होऊ लागले. यंत्रांविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनीही १९२४ मध्ये सिंगरच्या शिवणयंत्राला उपयुक्त अपवाद म्हणून मान्यता दिली होती. पायाने चालणाऱ्या या यंत्रामुळे एका दिवसात अनेक चड्ड्या शिवणे शक्य झाले, आणि मुलांचा शिवलेला पोशाख सामान्य घराच्या आवाक्यात आला. पाच वारी धोतराच्या तुलनेत मुलाच्या चड्डीला वार-अर्धा वार कापड पुरे, ही गोष्ट दुष्काळी मुलखात फार महत्त्वाची होती.

१९०१ : सातारा जिल्ह्यातील चार मुलांचे कपडे

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सातारा जिल्ह्यातील मुले सणासुदीला काय घालीत, आणि त्या कपड्यांचा सामाजिक अर्थ काय होता, याची एक अस्सल नोंद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी हे खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते, आणि १९०१ मध्ये साताऱ्याला राहणारे लहानगे भीमराव, त्यांचे बंधू आणि दोन भाचे त्यांना भेटायला निघाले. या प्रवासासाठी मुलांना इंग्रजी धर्तीचे नवे सदरे, झगझगीत टोप्या, रेशीमकाठी धोतरे आणि नवे जोडे घेण्यात आले होते. एकाच मुलाच्या अंगावर इंग्रजी सदरा व देशी धोतर असणे हे त्या स्थित्यंतराच्या नेमक्या मध्यभागी असलेले दृश्य आहे. शिवलेला कपडा कमरेच्या वर आला होता, कमरेखाली अद्याप धोतरच होते.

मसूर स्थानकावर उतरलेल्या या नीटनेटक्या मुलांना पाहून स्टेशनमास्तरने ती ब्राह्मणांची मुले असावीत असे गृहीत धरले. ती महार समाजातील आहेत हे कळताच त्याची वागणूक पालटली, आणि पुढच्या संपूर्ण प्रवासात त्या तहानलेल्या मुलांना पाणी मिळाले नाही. या प्रसंगातून पोशाखाच्या सामर्थ्याची आणि त्याच्या मर्यादेची एकाच वेळी कल्पना येते. उत्तम वेशाने काही क्षण जातीची ओळख पुसली, परंतु जात उच्चारताच वेश निष्प्रभ झाला. म्हणूनच पुढे १९२७ मध्ये महाड येथील परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ व नीटनेटक्या पेहरावाचा उपदेश केला, तेव्हा त्यात सौंदर्यदृष्टीइतकाच हक्काचा प्रश्नही होता. गावकुसाबाहेरच्या माणसाने चांगले वस्त्र वापरू नये, असा दंडक अनेक ठिकाणी रूढीने लादलेला होता.

खाकीचे आगमन

चड्डी गावोगाव पोहोचविण्याचे मोठे श्रेय लष्कराकडे जाते. १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात वायव्य सरहद्दीवर हॅरी लम्सडेन याने आपल्या पथकाला मातकट रंगाचे कपडे दिले, आणि धुळीत न दिसणारा हा रंग हळूहळू सर्व फौजेने स्वीकारला. या रंगाच्या इतिहासात जर्मन भाषकांचाही वाटा आहे : बाझेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने मंगळूर येथे १८५१ मध्ये सुरू केलेल्या विणकरखान्यात योहान हालर या जर्मन विणकराने खाकी कापडाला चालना दिली. खाकीसाठी प्रामुख्याने वापरले जाणारे ड्रिल हे तिरप्या विणीचे जाड सुती कापड होते. उभे-आडवे धागे घट्ट बसत असल्यामुळे ते दगडधोंड्यावर बसणाऱ्या, झाडावर चढणाऱ्या आणि गुडघे टेकून गोट्या खेळणाऱ्या मुलांच्या अंगावरही टिकत असे.

सातारा-सांगलीचा मुलूख सैन्यभरतीसाठी प्रसिद्ध होता, आणि साताऱ्याजवळील अपशिंगे हे गाव तर लष्करी परंपरेमुळे ‘मिलिटरी’ अपशिंगे म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियाच्या उन्हात लढल्या, आणि उष्ण प्रदेशातील खाकी गणवेश गावांच्या परिचयाचा झाला. पोलीस, वनरक्षक व पोस्टमन यांच्या अंगावर खाकी आल्यावर तो सरकारी अधिकाराचा रंग ठरला, आणि मग शाळेनेही तोच रंग स्वीकारला. बेडन-पॉवेल याने १९०७ मध्ये सुरू केलेल्या बालवीर चळवळीचा आखूड पँटचा वेश १९०९ पासून भारतातही येऊ लागला. नागपूर येथे १९२५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने स्वीकारलेली खाकी चड्डी २०१६ पर्यंत कायम राहिली, आणि त्या वर्षीच्या विजयादशमीपासून तिच्या जागी तपकिरी फुल पँट आली. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थांनी कवायत व देशी खेळ शाळांपर्यंत नेले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. कवायतीच्या तासाला धोतर अडचणीचे होई, त्यामुळे शाळेत चड्डी रुजविण्यात या तासाचाही वाटा होता.

खादी, टोपी आणि वसतिगृह

पोशाखाला व्यापक राजकीय अर्थ १९०५ च्या स्वदेशी चळवळीत मिळाला; त्या वर्षी ७ ऑक्टोबरला पुण्यात विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने विदेशी कापडाची होळी झाली, आणि विद्यार्थ्याचा सदरा कोणत्या गिरणीचा आहे हा प्रश्न घरोघर विचारला जाऊ लागला. १९२० नंतर खादी आणि गांधी टोपी यांनी ग्रामीण महाराष्ट्रात असे मूळ धरले की स्वातंत्र्यानंतरही दोन-तीन दशके प्राथमिक शाळेतील मुलगा म्हटले की पांढरा सदरा, खाकी चड्डी आणि पांढरी टोपी हेच चित्र समोर येई. पागोटे किंवा मुंडासे जातीपरत्वे व गावापरत्वे बदलत असे. टोपी सर्वांची एकसारखी होती, आणि त्यामुळे डोक्यावरून जात ओळखण्याची जुनी रीत शाळेपुरती तरी मागे पडली.

या विचाराला संस्थेचे रूप देण्याचे कार्य साताऱ्याच्या भूमीवर कर्मवीर भाऊराव पाटील यांनी केले. त्याआधी छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून विद्यार्थी वसतिगृहांची परंपरा सुरू केली होती आणि १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला होता. भाऊरावांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली, आणि तेथील वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते झाले. स्वतः खादी वापरणाऱ्या भाऊरावांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकाच पंक्तीत जेवत, शेतात व बांधकामावर एकत्र राबत आणि साध्या वेशात शिकत. मसूर स्थानकावर १९०१ मध्ये जे एकट्या कपड्याला साधले नाही, ते येथे कपडा, अन्न, श्रम आणि शिक्षण एकत्र आल्यामुळे साधू लागले. यानच्या बर्लिनबाहेरील मैदानावर जो विचार लिननच्या कापडातून मांडला गेला, तोच साताऱ्यात खादीतून अधिक खोलवर उतरला, कारण येथे त्याला जातिभेदासारख्या कठोर व्यवस्थेशी झुंजायचे होते.

वाढत्या अंगाचे कपडे

गरिबीतही मुलाला धडका कपडा मिळावा, यासाठी घरे आणि शिंपी यांनी मिळून एक संपूर्ण शास्त्र उभे केले होते. दिवाळीच्या आधी एकाच ठाणातून सर्व भावंडांसाठी कापड फाडले जाई. ते ‘वाढत्या अंगाचे’, म्हणजे मूल दोन-तीन वर्षे मोठे झाले तरी बसेल इतके सैल, शिवून घेतले जाई. शिंपी शिवणीच्या आत कापडाची जी जादा पट्टी राखून ठेवतो तिला ‘माया’ म्हणतात. दरवर्षी ती थोडी उसवून चड्डी रुंद करीत आणि खालची दुमड सोडून लांब करीत. कमरेला नाडी असल्यामुळे थोरल्याची चड्डी धाकट्याला आवळून घालता येई, आणि बसण्याच्या जागी विरलेल्या कापडाला आतून अस्तर व बाहेरून ठिगळ लावून ती तिसऱ्या भावापर्यंत पोहोचे. अखेरीस तिचेही तुकडे गोधडीत जात. घरी वापरायला मांजरपाटाची, म्हणजे जाड पण सैल विणीच्या स्वस्त सुती कापडाची, किंवा पट्ट्यापट्ट्यांची चड्डी असे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाची टंचाई इतकी तीव्र झाली की १९४३ मध्ये सरकारने कापडाचे भाव व वाटप यांवर नियंत्रण आणले. ‘कंट्रोलचे कापड’ मिळविण्यासाठी रांगा लागत, आणि मुलाचा नवा सदरा पुढच्या वर्षावर ढकलला जाई. टंचाई नसतानाही गरीब घरात एका कोटाचे मोल काय असे, हे साने गुरुजींच्या १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’तील प्रसंगावरून कळते : शिकायला दूर असलेला श्याम पैसे साठवून धाकट्या भावासाठी नवा कोट शिवून घेतो, आणि पुस्तकात ही घटना बंधुप्रेमाची शिकवण म्हणून येते.

टेरिकॉट आणि फुल पँट

स्वातंत्र्यानंतर गावोगाव माध्यमिक शाळा निघाल्या, आणि फुल पँट ही शिक्षणाशी जोडली गेली. सातवीपर्यंत चड्डी, आठवीपासून किंवा महाविद्यालयात गेल्यावर पँट, असा अलिखित नियम बनला. सांगलीच्या विलिंग्डनसारख्या, १९१९ मध्ये स्थापन झालेल्या महाविद्यालयात जाणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्याची पहिली पँट ही घरादाराच्या अभिमानाची गोष्ट असे. जर्मनीत चर्चचा विधी आणि महाराष्ट्रात मुंज वा लग्न जे काम करीत, ते आता शाळेची इयत्ता करू लागली, आणि जातीचा संबंध नसलेली वयाची पायरी प्रथमच निर्माण झाली.

कापडही बदलले. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये शोधल्या गेलेल्या टेरिलीन या कृत्रिम धाग्याचे सुताशी मिश्रण करून टेरिकॉट तयार झाले. त्यात साधारणतः ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के सूत असे प्रमाण प्रचलित होते. ते चुरगळत नसे, लवकर वाळे आणि वर्षानुवर्षे विरत नसे, त्यामुळे १९७० च्या दशकात ते गावांतही लोकप्रिय झाले. खाकी मागे पडून निळा, राखाडी व करडा हे रंग आले, नाडीच्या जागी इलॅस्टिक आणि बटणांच्या जागी चेन आली. या सोयीची किंमत मात्र मुलांच्या त्वचेने चुकविली : कृत्रिम धागा घाम शोषून घेत नाही, आणि पत्र्याच्या छपराखाली भरणाऱ्या वर्गात मार्च-एप्रिलच्या उन्हात असा गणवेश सुती ड्रिलपेक्षा कितीतरी जास्त उकडतो.

गणवेश : कोणाचा आणि कशासाठी

म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी, द्राक्षबागा आणि बेदाणा यांनी कवठे महांकाळच्या काही भागाचे अर्थकारण पालटले आहे, आणि त्याबरोबर मुलांच्या पोशाखात नवी दरीही दिसू लागली आहे. खाजगी इंग्रजी माध्यमाच्या शाळांत टाय, पट्टा, बूट-मोजे आणि आठवड्यातील काही दिवसांसाठी निराळा टी-शर्ट असा खर्चिक वेश असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलाला शासनाकडून मिळणाऱ्या गणवेशाची वाट पाहावी लागते. एकेकाळी भेद मिटविण्यासाठी आणलेला गणवेश आता शाळेच्या दर्जाची जाहिरात करू लागला आहे, ही या इतिहासातील चिंतेची बाब आहे.

समग्र शिक्षा अभियानात पात्र विद्यार्थ्याला दोन गणवेश देण्याची तरतूद असून प्रत्येक गणवेशासाठी ३०० रुपये असा दर होता, आणि पुढे राज्य शासनाने सरकारी शाळांतील पहिली ते आठवीच्या सर्व विद्यार्थ्यांना या लाभात घेतले. २०२४-२५ या वर्षी ‘एक राज्य, एक गणवेश’ या धोरणाखाली फिकट निळा सदरा व गडद निळी पँट असा वेश ठरवून तो महिला बचत गटांकडून शिवून घेण्याची योजना झाली. मुलांना सातवीपर्यंत हाफ पँट आणि आठवीला फुल पँट असे त्यात ठरले होते, म्हणजे लांबीवरून वय ओळखण्याची जुनी रीत शासकीय निर्णयातही टिकून राहिली. कापड व शिलाई वेळेवर न पोहोचल्याने अनेक ठिकाणी मुलांना वर्ष सरत आले तरी गणवेश मिळाला नाही, आणि त्यानंतर गणवेशाची जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे, म्हणजे पालक व शिक्षकांच्या स्थानिक समित्यांकडे, सोपविण्यात आली.

हा बदल योग्य दिशेचा आहे, परंतु त्याचे चीज करणे समित्यांच्या हाती आहे. या भागाला लागणारे सर्व काही जवळपास उपलब्ध आहे : इचलकरंजी, माधवनगर व विटा येथे यंत्रमाग आहेत, सोलापुरात शालेय गणवेश तयार करणारा मोठा उद्योग उभा राहिला आहे, आणि प्रत्येक गावात शिवणकाम जाणणाऱ्या स्त्रिया व व्यवसायाला ग्राहक शोधणारे शिंपी आहेत. समित्यांनी सुताचे प्रमाण जास्त असलेले कापड निवडावे, पँटच्या शिवणीत भरपूर माया ठेवायला सांगावी, मापे मुलांच्या अंगावरच घ्यावीत आणि शिलाईचे काम उन्हाळ्याच्या सुटीत गावातच पूर्ण करून घ्यावे. मसूर स्थानकापासून साताऱ्याच्या वसतिगृहापर्यंतचा इतिहास सांगतो की वस्त्र एकट्याने समता आणू शकत नाही, पण विटलेले किंवा उशिरा मिळालेले वस्त्र मुलाच्या मनात विषमता मात्र निश्चित रुजविते. म्हणून जून महिन्यात शाळेची घंटा होईल, तेव्हा पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या अंगावर धड, सुती आणि त्याच्या मापाचा गणवेश असेल, एवढी जबाबदारी प्रत्येक गावाने स्वतःची मानून पार पाडली पाहिजे.